सवतीचा ठिपका

श्रीपाद घाबरट आहे, हे मी लग्नाआधीच ओळखलं होतं. मला बघायला आला तेव्हा आमच्या दारातलं कुत्रं साखळीनं बांधलेलं होतं, तरी हा फाटकाबाहेर दहा मिनिटं उभा. आईला वाटलं, मुलगा संकोची आहे. मला काय ते कळलं होतं, पण मी होकार दिला. घाबरणारा माणूस निदान अंगावर धावून येणार नाही, असा माझा हिशेब होता आणि तो पंचवीस वर्षांत चुकलेला नाही.

समोर मी त्याला अहो-जाहो करते. सासूबाईंच्या धाकानं लागलेली सवय, बर्लिनला येऊन एकोणीस वर्षं झाली तरी सुटली नाही. मनात मात्र पहिल्यापासून अरे-तुरे चालतं. इथे मनातलंच लिहिते आहे.

बर्लिनमध्ये घाबरायला पुष्कळ जागा आहेत आणि श्रीपादनं एकही सोडलेली नाही. खाली पत्रांच्या पेटीत सरकारी पिवळं पाकीट दिसलं की त्याचे हातपाय गार पडतात, मग ते शेजाऱ्याचं का असेना. यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, तिकीट तपासणारे चढले की महिन्याचा पास खिशात असूनही तो असा लालबुंद होतो की त्याचा पास दोनदा तपासला जातो. डब्यात मोठं कुत्रं आलं तर पुढच्या स्टेशनावर उतरून दुसरी गाडी घेतो. आणि दार. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. किल्ली दोनदा फिरवायची, मूठ तीनदा ओढून बघायची, खाली रस्त्यापर्यंत जायचं आणि पुन्हा वर येऊन चौथ्यांदा ओढायची. मी आणि आमची मुलगी ईप्सिता खाली थंडीत वाट बघत उभ्या. तिला त्याची नक्कल फार छान जमते.

दाराचं मूळ सांगलीत आहे. तो नऊ वर्षांचा होता, वडील कामाला परगावी, आणि चाळीत चोर शिरले होते. त्यांच्या दाराची कडी आठवडाभर मोडलेली. सासूबाई पाठ लावून दाराशी बसल्या आणि बाहेरून कुणीतरी दोनदा ढकलून पाहिलं. एवढंच झालं. चोर पुढे गेले. पण तेव्हापासून कडी म्हणजे त्याचा कुळदेव झाला. मला हे माहीत होतं, म्हणून मी मूठ ओढण्यावरून त्याला चिडवायचे पण अडवायचे नाही.

असा माणूस पोटासाठी काय करतो, तर ध्रुवीय अस्वलं सांभाळतो. म्हणजे प्रत्यक्ष नाही. गाड्यांचा माग ठेवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तो होता, ती बंद पडली आणि वन्यप्राण्यांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत त्याला तंत्रज्ञ म्हणून काम मिळालं. स्वालबार्डमध्ये, उत्तर ध्रुवाच्या अलीकडच्या बेटांवर, शास्त्रज्ञ अस्वलांच्या गळ्यात पट्टा बांधतात. पट्टा दर दोन तासांनी आपली जागा उपग्रहाला कळवतो आणि श्रीपादच्या पडद्यावर नकाशात एक निळा ठिपका उमटतो. पट्टा फक्त माद्यांनाच बांधतात. नराची मान डोक्याहून जाड असते, पट्टा निघून येतो. हे त्यानं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मंगळसूत्राचंही तसंच आहे.

त्याच्या वाट्याला एकतीस नंबरची मादी आली होती. नाव ठेवायला संस्थेत बंदी आहे. नावानं माया लागते आणि मायेनं आकडे चुकतात, असं त्याच्या वरिष्ठ फ्राउ लेनर्ट म्हणतात. मी संस्थेत नोकरीला नाही, मी किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, तीन-चार वर्षांची पोरं सांभाळते, त्यामुळे मी नाव ठेवलं. मी तिला सवत म्हणायचे. जेवताना, टीव्ही बघताना, भाजी आणायला गेल्यावर, हा माणूस सारखा फोन काढून तिचा ठिपका बघायचा. दुसरं काय म्हणणार? तो लाजायचा, पण सांगायचा मात्र सगळं.

त्यामुळे दोन वर्षांत सवतीचं आयुष्य मला माझ्या नणंदेच्या आयुष्यापेक्षा जास्त कळलं. पट्टा बांधला तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. पहिल्या वसंतात तिचे ठिपके समुद्रावरच्या बर्फावर लांब लांब पसरलेले, कारण सील पकडायचा तो बर्फावरच, त्याच्या श्वास घ्यायच्या भोकाशी तासन् तास दबा धरून. उघड्या पाण्यात सील तिच्या बापालाही सापडायचा नाही. मग उन्हाळा आला, बर्फ नेहमीपेक्षा आधी गेला आणि ती किनाऱ्यावर अडकली. चार महिने शेवाळ, मेलेलं काहीबाही, पक्ष्यांची अंडी. त्या शरद ऋतूत ती गाभण असावी. पूर्वेकडच्या ज्या बेटावर अस्वलिणी बर्फात बीळ करून बाळंत होतात, तिकडे ती निघाली, पण बेटापर्यंतचा समुद्र गोठलाच नाही. नोव्हेंबर सरला, डिसेंबर आला. ठिपके किनाऱ्याच्या कडेकडेनं पुढे-मागे फिरत राहिले. त्या वर्षी तिला पिल्लं झाली नाहीत. श्रीपादनं हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोळ्या खात होतो आणि त्यानं अर्धी पोळी तशीच ठेवली. मी त्याच्यावर चिडले. जगात एवढी माणसं उपाशी आणि तुम्ही अस्वलासाठी अन्न टाकता, असं काहीतरी बोलले.

पुढच्या हिवाळ्यात मात्र ती वेळेवर पोचली. ठिपका एका जागी थांबला, चार महिने तिथेच. एप्रिलमध्ये हेलिकॉप्टरनं जाऊन पट्ट्याची बॅटरी बदलून आलेल्या लोकांनी कळवलं, दोन पिल्लं आहेत. श्रीपाद घरी आला तो हातात डिंकाची पुडी घेऊनच. मी म्हटलं, वेड लागलं का? पण लाडू केले. खारीक, खोबरं, डिंक, सगळं साग्रसंगीत. बाळंतिणीचे लाडू फ्राउ लेनर्टनी आणि मंडळींनी कॉफीबरोबर खाल्ले आणि फार पौष्टिक आहेत म्हणून दाद दिली. राहिलेले चार मी डब्यात ठेवले.

त्याच वसंतात ईप्सितानं सांगितलं की ती स्वालबार्डला चालली आहे.

ईप्सिता तेवीस वर्षांची, जीवशास्त्रात मास्टर्स करते. आम्ही आलो तेव्हा चार वर्षांची होती. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिचा विषय समुद्री बदकांची घरटी. बर्फ लवकर जातो, अस्वलं किनाऱ्यावर अडकतात आणि एकेक अस्वल दिवसाला शेकडो अंडी फस्त करतं, मग त्या बदकांचं काय होतं, हे ती मोजणार होती. म्हणजे जिथे अस्वलं येतात तिथेच बसून मोजायचं. समुद्रकाठी एक जुनी लाकडी झोपडी, आत ही आणि तिची प्रमुख आनेके, दोघीच, सहा आठवडे. संस्था श्रीपादचीच. बापानं नोकरी करायची आणि मुलीला नाही म्हणायचं, हे जमण्यासारखं नव्हतं. तो चार दिवस नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी ऑफिसात जाऊन त्या झोपडीच्या पहाऱ्याचं काम त्यानं मागून घेतलं.

काम असं: झोपडीभोवती नकाशावर दहा किलोमीटरचं वर्तुळ आखलेलं. पट्ट्याचं अस्वल त्यात शिरलं की श्रीपादच्या फोनवर गजर होतो, मग त्यानं झोपडीतल्या सॅटेलाइट फोनवर ताबडतोब कळवायचं. तो फोन फक्त त्यासाठी. घरच्यांचे निरोप आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, वेगळ्या यंत्रावरून जायचे. जूनमध्ये श्रीपादनं त्या फोनवर दोनदा फोन केला. एकदा सवत एक्केचाळीस किलोमीटरवर होती, एकदा सव्वीसवर. दोन्ही वेळा दोघी काम टाकून झोपडीत तीन-तीन तास बसून राहिल्या. मग आनेकेचं पत्र आलं, अतिशय सभ्य: कृपया वर्तुळात ठिपका आल्याशिवाय फोन करू नये. फ्राउ लेनर्टनीही बोलावून तेच सांगितलं. त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं, पण मीही म्हणालेच, अहो, तुमच्या भीतीपायी पोरीचं शिक्षण बुडेल.

हे वाक्य मला पुढे फार छळणार होतं.

जुलैचा दुसरा रविवार. खिडक्या उघड्या, बाहेर इथल्या रविवारची शांतता, समोरचे आजोबा बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. मी मसालेभात आणि टोमॅटोचं सार केलं होतं. श्रीपाद शुक्रवारपासून गप्प होता. संध्याकाळी ईप्सिताला निरोप पाठवायचा, एवढंच दोन दिवस घोकत होता. मी ताटं वाढली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तो ताटावर बसला आणि भाताला हात न लावता म्हणाला, "ती पाण्यात आहे."

मी विचारलं, कोण? आणि विचारतानाच कळलं.

त्यानं फोन टेबलावर ठेवून दाखवलं. पहाटे तीनचा ठिपका समोरच्या बेटाच्या काठावर. तिथून ईप्सिताची झोपडी पाण्यातून बावीस किलोमीटर. पाचचा ठिपका नाही. सातचा नाही, नऊचा नाही, अकराचा नाही. एकचा नुकताच यायला हवा होता, तोही नाही. पोहताना पट्टा पाण्याखाली असतो, उपग्रहाला दिसत नाही. मी म्हटलं, बॅटरी संपली असेल. बॅटरी एप्रिलमध्ये बदलली होती. मी म्हटलं, दुसरीकडे गेली असेल. तो म्हणाला, कुठे? त्या भागात बर्फ उरलेलाच नव्हता. जमीन दोनच बाजूंना होती आणि त्यातल्या एकीवरून तर ती निघाली होती.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"तासाला दोन, सव्वादोन किलोमीटर," तो म्हणाला. "दहा तास झाले."

हा हिशेब किटामधल्या पोरालाही जमला असता.  फोन करा, मी म्हटलं. तो हलला नाही. ठिपका नाही, म्हणाला. वर्तुळात ठिपका आल्याशिवाय करायचा नाही. जूनमध्ये दोनदा झालं, आता तिसऱ्यांदा खोटं निघालं तर हे काम काढून घेतील, मग तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? मी ओरडले की घाला तो ठिपका चुलीत. तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. घाबरलेला श्रीपाद मी हजार वेळा पाहिला आहे. हा तो नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. ईप्सिता निघायच्या आदल्या दिवशी, मी कामावर असताना, तो बाउमार्क्टमध्ये, घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, गेला आणि लोखंडी कडी, स्क्रू, पेचकस घेऊन आला. ते तिच्या बॅगेत घातलं. झोपडीच्या दाराला आतून बसव म्हणाला. ती हसली. तेव्हा त्यानं तिला गळ्याची शपथ घातली: एकटी असशील तेव्हा कडी लावल्याशिवाय राहायचं नाही. शपथ म्हणजे काय, हे तिला माझ्या सासूबाईंनी सुट्टीत शिकवून ठेवलेलं. एवढी जर्मन झालेली पोर, पण आजीनं शिकवलेली शपथ तिनं कधी मोडली नाही. तिनं कडी बसवून फोटो पाठवला आणि वर लिहिलं, आता झोपा.

"मग बरंच झालं की," मी म्हटलं. "कडी आहे तर अस्वल आत येणार नाही."

शुक्रवारी कँटीनमध्ये फ्राउ लेनर्टनी त्याला सहज सांगितलं होतं की तिकडे कुणीच दाराला कुलूप-कडी लावत नाही. वस्तीतही नाही, झोपड्यांतही नाही. तशी रीतच आहे. बाहेर असलेल्या माणसामागे अस्वल लागलं तर त्याला जे पहिलं दार सापडेल त्यातून आत शिरता आलं पाहिजे. त्या मुलखात बंद दार आतल्याला वाचवत नाही, बाहेरच्याला मारतं. हे ऐकल्यापासून श्रीपाद संध्याकाळच्या निरोपाची वाट बघत होता. त्या फोनवर खासगी बोलायचं नाही, म्हणून दोन दिवस थांबला. आणि लाज वाटली, म्हणून मला बोलला नाही.

मला राग आला, इतका की क्षणभर भीतीसुद्धा मागे पडली. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. दोघींतली एक आत, कडी लावून, कानात गाणी घालून काम करते आहे. दुसरी बाहेरून दार बडवते आहे. आणि ती कडी आमच्या घरातून गेलेली. आनेकेची आई हानोफरला असते, एकदा स्टेशनवर भेटली होती, तिनं ईप्सितासाठी लोकरीचे मोजे दिले होते. मला एकदम तिचा चेहरा आठवला.

मी काही बोलणार तोवर त्यानं फोन उचलला होता. नंबर त्याला पाठ होता. स्पीकर लावून त्यानं फोन ताटाशेजारी ठेवला. घंटा वाजली. आठ वेळा, नऊ वेळा. कुणी उचलेना. कट झाला. त्यानं पुन्हा लावला. चुकीच्या आकड्यावर बोट पडलं आणि तिसऱ्यांदा लावावा लागला. समोरच्या बाल्कनीतले आजोबा पाणी घालून आत गेले. मी पदराचं टोक असतं तसं ओढणीचं टोक तोंडात धरून उभी होते आणि पुटपुटत काय होते ते मला आठवत नाही.

"हालो, शिबिर," ईप्सिताचा आवाज आला. सावकाश, झोपेतून उठल्यासारखा.

"ईपू, आनेके कुठे आहे?"

"पापा?" मग जर्मनमध्ये ती चिडली. पुन्हा का फोन केलास, ठिपका आला का, आनेके रागावेल.

"आनेके कुठे आहे?"

पाणी आणायला काठावर गेली होती. पन्नास पावलांवर ओढा समुद्राला मिळतो, तिथे. बंदूक घेऊन गेली का, श्रीपादनं विचारलं. नाही, एवढ्याशा अंतरासाठी नाही नेत. कडी लावली आहेस? तिनं उत्तर दिलं नाही, म्हणजे लावली होती.

मग माझ्या नवऱ्यानं, ज्यानं पंचवीस वर्षांत एकदाही दार उघडं टाकलेलं नाही, अगदी हळू आणि स्पष्ट सांगितलं: "माझी शपथ सुटली. कडी काढ. दार सताड उघड आणि उघडंच ठेव. मग तिला हाक मार. ती पाण्यातून येते आहे."

कोण, हे तिनं विचारलं नाही. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. पावलं. मग कडी सरकल्याचा आवाज, लोखंडावर लोखंड, आमच्या स्वयंपाकघरात लख्ख ऐकू आला. दार करकरलं आणि एकदम वारा, समुद्र, हजारो पक्ष्यांचा कलकलाट फोनमधून आत आला. ईप्सिता ओरडली, "आनेके!" पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा तिचा आवाज पूर्ण बदललेला होता, आणि मला कळलं की तिला काहीतरी दिसलं आहे.

त्यानंतर जे ऐकू आलं त्याचा मी आजही अर्थ लावते आहे. दगडांवरून कुणीतरी धावत होतं. पत्र्याचं काहीतरी पडलं. लाकडी पायऱ्यांवर धाडधाड पावलं, दार आपटलं, काहीतरी जड वस्तू जमिनीवरून ओढली. मग धमाका. मी किंचाळले असणार, कारण शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी खिडकी उघडली. दुसरा धमाका. मग काहीच नाही. वारासुद्धा नाही, कारण दार लागलं होतं.

श्रीपाद फोनकडे वाकून म्हणत होता, ईपू, ईपू, ईपू. ओरडत नव्हता, नुसतं म्हणत होता. मी त्याचा खांदा धरला होता. भिंतीवरच्या घड्याळात एक पस्तीस होते, मग छत्तीस, मग सदतीस. एवढ्या मिनिटांत माणूस काय काय बघतो. मी तिची चार वर्षांची असतानाची लाल टोपी पाहिली. आनेकेच्या आईचे मोजे पाहिले. देवाला मी काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

एक एकोणचाळीसला ईप्सिता बोलली. दोघी आत होत्या. दोघी ठीक होत्या.

श्रीपाद खुर्चीत बसला आणि त्यानं डोकं टेबलावर टेकलं. ईप्सिता तुकड्या-तुकड्यानं सांगत होती. आनेके कॅन भरत होती तेव्हा होडीमागून काहीतरी वर आलं. तिला आधी खडक वाटला. ईप्सिताची हाक ऐकून ती वळली आणि तिनं पाहिलं. पन्नास पावलं ती कशी आली ते तिलाच ठाऊक नाही, पण समोर दार उघडं होतं आणि ती थेट त्यातून आत पडली. दाराशी तिला क्षणभरही थांबावं लागलं असतं तर, एवढं बोलून ईप्सिता थांबली. आनेकेनं तिला दोनदा कडी काढून टाकायला सांगितलं होतं. तिनं उद्या काढते म्हणून टाळलं होतं, शपथेपायी.

अस्वल पायऱ्यांपर्यंत आलं होतं. ते घाबरवायचं पिस्तूल असतं, नुसता उजेड आणि आवाज, ते आनेकेनं खिडकीतून उडवलं. एकदा उडवलं तरी अस्वलीण हलली नाही. दुसऱ्यांदा उडवल्यावर मागे सरली, कॅनपाशी जाऊन बसली. फार वाळलेली होती, ईप्सिता म्हणाली, ओल्या अंगावर कमरेची हाडं दिसत होती. नाकावर मीठ पांढरं दिसत होतं. थोडा वेळ बसून उठली आणि काठाकाठानं चालू लागली.

इतका वेळ ईप्सिता जर्मनमध्ये बोलत होती. मग मराठीत म्हणाली, "पापा, ती एकटीच होती. सारखी मागे पाण्याकडे बघत होती."

श्रीपादनं डोकं वर केलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मघापासूनच्या त्या सगळ्या आकांतात पिल्लांची आठवण आम्हा दोघांपैकी एकालाही झाली नव्हती. सहा महिन्यांची पिल्लं आणि बावीस किलोमीटर उघडं पाणी.

दोन वाजून चार मिनिटांनी श्रीपादचा फोन मोठ्यानं कोकलायला लागला. मी दचकून पाण्याचा पेला पाडला. गजर होता. एकतीस नंबर वर्तुळात आली आहे, झोपडीपासून नऊशे मीटर, ताबडतोब कळवा. पट्टा पाण्याबाहेर येऊन सावरला होता, तीनची वाट न बघता त्यानं जागा कळवली होती आणि नियमाप्रमाणे आता फोन करायला हरकत नव्हती.

सोमवारी श्रीपादनं ऑफिसात लेखी कळवलं. फोन नियम मोडून केला, हे लिहिलं, आणि कडी आपण पाठवली होती, शपथ आपण घातली होती, हेही लिहिलं. शपथ म्हणजे काय हे जर्मनमध्ये समजावायला त्याला एक अख्खा परिच्छेद लागला. मी त्याला म्हटलं होतं, कडीचं लिहू नका, कोण विचारतंय. तो म्हणाला, आनेकेच्या आईला कळायला हवं. फ्राउ लेनर्ट रागावल्या. मग त्यांनी नियम बदलला: ठिपका आला नाही तरी फोन करायचा. ईप्सितानं कडी उपटून काढली आणि ते स्क्रू समुद्रात फेकायला निघाली होती, आनेकेनं फेकू दिले नाहीत.

मला वाटलं होतं, आता सवत तिथून निघून जाईल. गेली नाही. मंगळवारी, बुधवारी श्रीपाद घरी आला की मी आपण होऊन नकाशा मागायचे. झोपडीच्या पश्चिमेला दोन किलोमीटरचा किनारा आहे. तिचे ठिपके तेवढ्यातच. टोकापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. दोन तासांनी एक असे ठिपके एकावर एक पडून तिथे नकाशा निळा झाला होता. अंडी खात असेल, मी म्हटलं. घरटी दुसऱ्या बाजूला आहेत, श्रीपाद म्हणाला. मग तो ज्या आवाजात बोलला तो मी कधी ऐकलेला नव्हता. म्हणाला, ती येत होती तेव्हा मी देवाजवळ मागितलं की ही बुडू दे. खरंच मागितलं.

 मीही तेच मागितलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर तो तिथेच टेबलाशी बसला होता, फोन समोर. दार नेहमीप्रमाणे बंद, किल्ली दोनदा फिरवलेली. घाबरट आहे तसाच आहे, त्यात काही फरक पडलेला नाही. मी विचारलं काय झालं. दुपारी तीननंतर ठिपका आला नव्हता. काठावरचा शेवटचा ठिपका पूर्वेच्या बाजूला होता, जिथून ती पोहत आली त्या बेटाच्या दिशेला.

"परत गेली शोधायला," तो म्हणाला.

एरवी मी म्हटलं असतं, ठेवा तो फोन, जेवायला बसा, किती ते सवतीचे लाड. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, आणि नंतरही कधी निघालेला नाही. बावीस किलोमीटर, उपाशी पोटी, पुन्हा. मी डब्यातून एप्रिलमधले डिंकाचे लाडू काढले, चार होते, एक त्याच्यापुढे ठेवला, एक मी घेतला. कुणीच खाल्ला नाही. खुर्ची ओढून मी त्याच्या शेजारी बसले. सातचा ठिपका यायला अजून वीस मिनिटं होती.